विचारणारी बाई अडाणी नसते

जून २०२१ मधली गोष्ट. कोरोनाची दुसरी लाट ओसरत होती आणि अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना सरकारी केंद्रांवर मोफत लस मिळू लागली होती. पण आमच्या वस्तीतल्या बायका केंद्राकडे फिरकत नव्हत्या. म्हणून दहा-बारा जणींना देवळामागच्या मोकळ्या जागेत अंतर ठेवून बसवलं आणि मी बोलायला सुरुवात केली. लस कशी काम करते, घेतल्यावर ताप का येतो, दोन मात्रांमध्ये अंतर का ठेवायचं, सगळं सांगितलं. शेवटी एक मावशी उभ्या राहिल्या. तीस वर्षांपूर्वी आमच्या पहिल्या आरोग्य शिबिराला आलेल्या. म्हणाल्या, "ताई, तेव्हा तुम्हीच सांगितलं होतं, काय टोचताय ते विचारल्याबिगर हात पुढं करायचा नाही. आता आम्ही विचारतोय तर तुम्हीच म्हणताय, घ्या गपगुमान."

मी चिडले. त्या दोन महिन्यांत वस्तीतली किती माणसं गेली होती! रागाच्या भरात म्हणून गेले, "मावशी, अडाण्यासारखं काय बोलताय?" मावशी काही न बोलता निघून गेल्या.

डॉक्टर, तहसीलदार, मास्तर कोणीही बायकांना अडाणी म्हटलं की आम्ही भांडायला उभ्या राहायचो. तोच शब्द माझ्या तोंडून गेला. तेव्हापासून मनात जे चाललं आहे ते मैत्रिणींपुढे मांडते आहे.

मावशींची आठवण खरीच होती. १९७६ साली, आणीबाणीत, नसबंदीची सक्ती झाली. सरकारी सुई म्हणजे मूल बंद करण्याचा डाव, ही भीती तेव्हा जी रुजली ती पुढे उत्तर प्रदेशात पोलिओच्या डोसालाही आडवी आली. १९८५ मध्ये हैदराबादजवळ पाटणचेरूच्या आरोग्य केंद्रात नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनसाठी बायकांना बोलावलं गेलं. ही चाचणी आहे हे त्यांना नीट सांगितलं नव्हतं. स्त्री शक्ती संघटनेने तिथे जाऊन जाब विचारला आणि १९८६ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेलं. पुढे नव्वदच्या दशकात गर्भनिरोधक लशीच्या संशोधनाविरुद्ध जी जागतिक मोहीम झाली तिच्यात आपल्याकडच्या संघटनाही होत्या. म्हणजे सुईवर संशय घ्यायला आपणच शिकवलं, आणि बरोबरच शिकवलं.

त्यानंतरचं २००९ चं प्रकरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातला खम्मम आणि गुजरातमधला वडोदरा या जिल्ह्यांत पाथ या अमेरिकी संस्थेने आयसीएमआर आणि राज्य सरकारांना बरोबर घेऊन वीस हजारांहून जास्त मुलींना एचपीव्ही लस दिली. ही लस गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवते. खम्मममध्ये कितीतरी आदिवासी मुली वसतिगृहांत राहणाऱ्या होत्या. त्यांच्या आईबापांऐवजी संमतीपत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी सह्या केल्या. सात मुली दगावल्या आणि एप्रिल २०१० मध्ये काम थांबवलं गेलं. या मृत्यूंचा लशीशी संबंध दिसत नाही, असं चौकशी समितीने सांगितलं. पण संमती घेण्यात आणि नंतरच्या देखरेखीत गंभीर त्रुटी होत्या, हेही पुढे आलं. २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने या कारभारावर कडक ताशेरे ओढले.

लस चांगली होती. ती देण्याची रीत वाईट होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरणं आपल्याला जड जातं. आपल्यातल्या काही जणी रीतीवरचा राग लशीवर काढतात, तर काही जणी लशीच्या बाजूने बोलताना रीतीबद्दल गप्प बसतात. जून २०२१ मध्ये मी दुसऱ्यांपैकी होते.

कोरोनाच्या लशीने लाखो जीव वाचवले याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ती बायकांपर्यंत कशी पोचली ते पाहू. जून २०२१ अखेरच्या सरकारी आकड्यांनुसार पुरुषांना दिलेल्या दर हजार मात्रांमागे बायकांना सुमारे ८५६ मात्रा मिळाल्या होत्या. त्याचा अर्थ बायका घाबरतात असा लावून बरेच जण मोकळे झाले. पण नाव नोंदवायला कोविन, त्यासाठी फोन, आणि घरातला एकुलता फोन नवऱ्याच्या खिशात. लस घेतल्यावर दोन दिवस ताप आला तर धुणीभांड्याच्या कामावर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जाणार. केंद्र लांब असेल तर सोबत कोण येणार? घरात कमावता तो आधी, बाई नंतर. यातलं भीतीचं किती आणि सोयीचं किती?

भीतीलाही कारणं होती. पाळीच्या पाच दिवस आधी आणि नंतर लस घेऊ नका, असा निरोप एप्रिल २०२१ मध्ये फोनोफोनी फिरला. तो खोटा असल्याचं सरकारने जाहीर केलं, ते योग्यच झालं. पण लस घेतल्यावर पाळी पुढे गेली असं बायका सांगू लागल्या तेव्हा त्यांना "मनाचे खेळ" म्हणून परत पाठवलं गेलं. लशीच्या चाचण्यांमध्ये पाळीबद्दल विचारलंच नव्हतं. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे चार हजार बायकांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लशीनंतर पाळी सरासरी एका दिवसाहूनही कमी पुढे जाते, हा बदल तात्पुरता असतो, असं त्यात दिसलं. हे आधीच विचारलं आणि सांगितलं असतं तर त्या खोट्या निरोपाला कोणी भीक घातली नसती.

मे २०२१ मध्ये उत्तर प्रदेशात बाराबंकी जिल्ह्यातल्या एका गावच्या लोकांनी लस देणारं पथक पाहून शरयू नदीत उड्या घेतल्या. त्या बातमीवर देश हसला. सोसायट्यांमधले शिकलेले लोक लशीविरुद्धचे निरोप एकमेकांना पाठवत होते, त्यांना मात्र कोणी अडाणी म्हटलं नाही.

जुलैमध्ये मी मावशींच्या घरी गेले आणि आधी माफी मागितली. तेव्हा खरी गोष्ट कळली. त्यांची सून पाच महिन्यांची गरोदर होती. तिच्याबद्दल विचारायलाच त्या बैठकीला आल्या होत्या. केंद्रावरून तिला "गरोदर बायकांना देत नाही" म्हणून परत पाठवलं होतं आणि शेजारीपाजारी सांगत होते की लशीने गर्भ पडतो. दुसऱ्या लाटेत गरोदर बायकांचे मृत्यू वाढल्याचं आयसीएमआरने जूनमध्येच सांगितलं होतं. पण त्यांना लस द्यायला परवानगी मिळाली ती २ जुलैला, लसीकरण सुरू होऊन साडेपाच महिने झाल्यावर. मी बैठकीत यातलं अवाक्षर काढलं नव्हतं. माझं भाषण पाठ होतं, त्यात गरोदर बाई नव्हतीच.

आम्ही तिघी मिळून केंद्रावर गेलो. मावशींनी नर्सबाईंना विचारलं, "यात काय हाय?" नर्सबाईंनी दोन मिनिटं शांतपणे समजावलं. सासूसून दोघींनी लस घेतली. दोन मिनिटांचंच काम होतं ते. पण दोन मिनिटं द्यायला माणूस लागतं, आणि ते काम ज्यांच्यावर टाकलं होतं त्या राज्यातल्या सुमारे सत्तर हजार आशा त्याच जूनमध्ये मानधनासाठी संपावर गेल्या होत्या.

२ मे २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की लस घेण्याची सक्ती कोणावर करता येणार नाही, आणि सरकारचं लसीकरण धोरण अवाजवीही नाही. लशीनंतर झालेल्या त्रासाची माहिती लोकांसमोर ठेवा, असा आदेशही दिला. आपली भूमिका याहून वेगळी असायचं कारण नाही. लस हवी, सर्वांना, मोफत आणि घराजवळ. तिच्यासोबत आपल्या भाषेत माहिती हवी, क्वचित होणाऱ्या त्रासाचीसुद्धा. चाचण्यांमध्ये पाळीची आणि बाळंतपणाची नोंद हवी. त्रास झाला तर उपचार आणि भरपाई हवी. लशीच्या दिवशी भरपगारी सुट्टी हवी.

हा प्रश्न कोरोनाबरोबर संपलेला नाही. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना एचपीव्ही लस द्यावी, अशी शिफारस २०२२ मध्येच झाली आहे. आपल्या देशात या कर्करोगाने दरवर्षी हजारो बायका मरतात, म्हणून ही लस आपल्या मुलींना मिळायलाच हवी. पण २००९ विसरून ती देता येणार नाही. गावातल्या आया विचारतील, "पोरीला पुढं मूल होईल ना?" या लशीने मूल होण्यात अडचण येत नाही, हे उत्तर आपल्याजवळ तयार हवं आणि ते न चिडता देता यायला हवं.

आपापल्या गटांत यावर बोलू या. लसीकरणाच्या काळात तुमच्याकडच्या बायकांनी काय विचारलं आणि तुम्ही काय उत्तर दिलं, ते आम्हाला लिहून कळवा. जिथे उत्तर देता आलं नाही, तेही लिहा.