बिऱ्हाड हलले, नोंद राहिली

गिरगाव, लालबाग, परळच्या चाळींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. १९८२च्या संपात उद्ध्वस्त झालेला गिरणी कामगार वृद्धापकाळी संक्रमण शिबिरात, नाहीतर डोंबिवली-विरारला मुलाकडे राहावयास जातो. बिऱ्हाड हलते, पण सरकारदरबारची नोंद बदलावयाची राहते आणि एके दिवशी हक्काचे पैसे थांबतात.

वास्तविक व्यवस्था आता सुलभ झाली आहे. १ जानेवारी २०२५पासून भविष्य निर्वाह निधीचे निवृत्तिवेतन देशातील कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेतून मिळते. हयातीचा दाखला २०१४पासून डिजिटल झाला असून पोस्टमनही तो घरी येऊन करून देतो. मात्र वर्षाकाठी तो दिला नाही, तर निवृत्तिवेतन थांबते. आधारद्वारे येणारे अनुदान शेवटी संलग्न केलेल्या खात्यातच जमा होते. नव्या वस्तीत खाते उघडून तेथे आधार जोडणाऱ्या आजी मग जुन्या पासबुकात पैसे शोधत बसतात.

चाळीत ही चूक शेजाऱ्याच्या ध्यानी येत असे. बंद दारांच्या इमारतीत ती कोणाला दिसावी? म्हणून घर सोडणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठाचा आधारवरील पत्ता, मोबाइल क्रमांक, बँक खाते आणि टपाल यांची नोंद गणेशोत्सव मंडळांनी व स्वयंसेवकांनी निघण्यापूर्वीच तपासून द्यावी. दीनदयाळजींचा अंत्योदय व्यासपीठावरून सांगणे सोपे आहे. तो आचरणात आणावयाचा, तर एखाद्या आजींसोबत बँकेच्या रांगेत उभे राहावे लागेल.