जंगल बंद आणि धरण भरलेलं: पांढरकवड्यात पर्यटनाचं गणित कुठे अडतं?

२०१९ मध्ये टिपेश्वरचा एक वाघ चालत निघाला आणि तेराशे किलोमीटरहून जास्त भटकून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. देशभर बातम्या झाल्या. पांढरकवड्याला लागून असलेल्या या अभयारण्याची एवढी जाहिरात पैसे देऊनही झाली नसती. राष्ट्रीय महामार्ग ४४ दारातून जातो, नागपूर साधारण दीडशे किलोमीटर, आदिलाबाद त्याहून जवळ. मग अडतं कुठे?

पावसाळ्यात सफारी बंद असते, म्हणजे वर्षाचे उरतात नऊ महिने. त्यातही गर्दी शनिवार-रविवारची. समजा, नऊ महिन्यांतला प्रत्येक वीकेंड हाऊसफुल्ल गेला, तरी भरलेल्या रात्री होतात ७८. उरलेल्या २८७ रात्री खोली रिकामी, पण बँकेचा हप्ता आणि वॉचमनचा पगार बाराही महिने. रस्ता चांगला असल्याचा तोटाही आहे: सकाळची सफारी करून माणूस जेवायला नागपूरला परततो. वाघ इथे बघितला, बिल तिकडे फाडलं.

अशा वेळी साहजिक सुचतं, जंगल बंद तर धरण आहे ना! खुनी नदीवरचं सायखेडा धरण जवळच आहे. बोटिंग सुरू करा, बाग करा.

ऐकायला भारी वाटतं, पण पाण्याचं कॅलेंडर वेगळं असतं. विदर्भातली अशी धरणं पावसाळ्यात भरतात, तेव्हा वारा, पूर आणि विसर्ग यांमुळे बोट सोडणं धोक्याचं. हिवाळ्यात पाणी छान, पण तेव्हा सफारीही सुरूच असते. पुढे रब्बीच्या पाळ्या सुटतात, पिण्यासाठी साठा राखावा लागतो आणि उन्हाळ्यात काठ मागे सरकत जातो. उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीत कुणी पीक घेतं. जेट्टी मात्र चिखलात. म्हणजे जे तीन महिने भरून काढायचे, नेमके तेच धरण भरून काढत नाही.

शिवाय पाणी काही रिकामं पडलेलं नसतं. धरणाची जमीन जलसंपदा विभागाची, मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी सहकारी संस्थेकडे. मोटारबोट जाळ्यावरून गेली तर नुकसान कोण देणार, हे करारात आधी लिहावं लागतं. आणि ठेकेदाराकडून बारा महिन्यांचं ठोक भाडं मागितलं, तर चार महिने धंदा करणारा माणूस दुसऱ्या वर्षी टिकेल कसा? त्यापेक्षा उत्पन्नातला वाटा घेणं परवडतं.

भंडारदऱ्याचं उदाहरण नेहमी दिलं जातं. तिथे पावसाच्या तोंडावर काजवे बघायला झुंबड उडते, सीझन लांबतो. पण तिथे मुंबई, पुणे, नाशिकचा खिसा जवळ आहे. पांढरकवड्याला तो नाही.

इथे आहे ती केळापूरची जगदंबा. नवरात्रात तेलंगणातूनही भाविक येतात आणि ते दिवस सफारी सुरू होण्याच्या आसपासच पडतात. दर्शन, रात्रीचा मुक्काम, सकाळी जंगल नाहीतर धरणावरचे पक्षी, असं जमलं तर दुसऱ्या दिवसाचं जेवण गावात होईल. त्याला मोठ्या बागेपेक्षा चार स्वच्छ खोल्या आणि चालू स्थितीतलं शौचालय जास्त लागतं. अडचण एकच, ऑक्टोबरनंतर कापूस वेचणीला मजूर लागतात आणि होम-स्टे चालवणाऱ्या घरातली माणसंही तेव्हा शेतातच असतात.