पडून राहिलेल्या घड्याळाची किंमत

मे 2023 मध्ये जिनिव्हात फिलिप्सच्या लिलावात रोलेक्सचं एक जुनं ‘मिलगॉस’ 22 लाखांहून जास्त स्विस फ्रँकला गेलं. त्याआधी काही आठवडेच रोलेक्सने हे मॉडेल आपल्या यादीतून काढून टाकलं होतं, तेही फारसा गाजावाजा न करता.

मिलगॉस म्हणजे हजार गॉस. तेवढं चुंबकीय क्षेत्र सोसणारं हे घड्याळ 1950च्या दशकात आलं ते शास्त्रज्ञ आणि इंजिनिअर यांच्यासाठी. जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ प्रयोगशाळेचं नाव रोलेक्स त्यासाठी आजही घेते. चावीच्या घड्याळाचा जीव हेअरस्प्रिंगमध्ये असतो. केसासारखी बारीक कमान, बॅलन्स व्हीलबरोबर श्वास घेतल्यासारखी उघडते, मिटते. तिला चुंबकत्व लागलं की वेढे एकमेकांना चिकटतात, कमान आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ भलतंच पुढे पळू लागतं. मिलगॉसमध्ये यंत्राभोवती मऊ लोखंडाची आतली डबी बसवली होती. चुंबकीय क्षेत्र त्या लोखंडातून वळून जातं, कमानीपर्यंत फारसं पोचत नाही. साधा, पण चोख उपाय.

गिऱ्हाईक मात्र फिरकलं नाही. प्रयोगशाळेत काम करणारे असे किती? विजेच्या आकाराचा सेकंदकाटाही तेव्हा फारसा कुणाला रुचला नसावा. म्हणून जुने नग कमी, आणि कमी म्हणूनच आज ते अव्वाच्या सव्वा. 2007 साली रोलेक्सने तो काटा नारिंगी करून परत आणला, एका आवृत्तीला हिरवट काच दिली. संग्राहक बोलतात ते याच दोन गोष्टींबद्दल. लोखंडी डबीचं नाव कुणी काढत नाही. मला हा शौक कळतो, पण त्याला तंत्रज्ञानाची कदर म्हणायचं मात्र जिवावर येतं.

कारण खरं काम केव्हाच दुसरीकडे सरकलंय. रोलेक्सच्याच इतर घड्याळांत निओबियम-झिर्कोनियमची कमान आली, तिला चुंबकाचं फारसं काही वाटत नाही. 2013 मध्ये ओमेगाने लोखंडी डबी सोडली, सिलिकॉनची कमान आणि चुंबकाला दाद न देणारे धातू वापरले आणि 15,000 गॉस सोसून दाखवलं. आणि चुंबक तर आता प्रयोगशाळेत राहिलेलेच नाहीत. ते पर्सच्या बटणात आहेत, टॅबलेटच्या कव्हरात आहेत, फोनच्या पाठीवर आहेत. घड्याळावर ‘अँटिमॅग्नेटिक’ लिहायला आंतरराष्ट्रीय मानक मात्र मागतं जेमतेम 60 गॉस! पर्सचं बटण घड्याळाला टेकलं की ती मर्यादा सहज ओलांडली जाते. चुंबकापासून बचावाची जी गरज 1956 साली मूठभरांना होती, ती आज चावीचं घड्याळ घालणाऱ्या प्रत्येकाला आहे. हे मानक कडक व्हायला हवं. तोवर घड्याळ घेताना तबकडीच्या रंगाआधी हेअरस्प्रिंग कशाची आहे, ते विचारा. विक्रेता गोंधळला तर गोंधळू द्या.