१२३ मोठे की ११४?

विद्यार्थिमित्रहो, प्रश्न वाचून तुम्ही हसाल. पण गेल्या महिन्यात याच प्रश्नावर आमच्या घरात चाळीस हजार रुपये अडकले होते.

माझा पुतण्या हिंजवडीला नोकरी करतो आणि आमच्या नांद्याच्या घरी राहतो. एका शुक्रवारी तो दोन लहानशा डब्या घेऊन आला. दोन्हींत कानाच्या नळीत घट्ट बसणारे इअरफोन होते. गायक-वादक रंगमंचावर स्वतःचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून असे इअरफोन वापरतात आणि त्यांना ‘इन-इअर मॉनिटर’ म्हणतात. एक जोडी त्याची स्वतःची, जुन्या बाजारात घेतलेली. दुसरी एका सहकाऱ्याची. वर चाळीस हजार दिले तर सहकारी अदलाबदल करायला तयार होता. “काका, तुम्ही भौतिकशास्त्र शिकवता ना? मग रविवारपर्यंत सांगा, यातली चांगली कोणती?”

त्याची जोडी अमेरिकेतील शूअर कंपनीची, एसई ८४६. ती २०१३ साली बाजारात आली तेव्हा किंमत ९९९ डॉलर होती. सहकाऱ्याची जोडी जर्मनीतील सेनहायजर कंपनीची, आयई ९००. ती २०२१ सालची, तेव्हाची किंमत सुमारे १३०० डॉलर. दोहोंच्या पोटातील रचना अगदी वेगळी आहे. जर्मन इअरफोनात ७ मिलिमीटर व्यासाचे एकच पटल असते. त्याला चिकटवलेले तारेचे वेटोळे चुंबकाच्या क्षेत्रात मागेपुढे होते. म्हणजे तो तुमच्या रेडिओतील ध्वनिक्षेपकाचाच धाकटा भाऊ. अमेरिकन इअरफोनात चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये तोलून धरलेली लोखंडाची इवलीशी पट्टी थरथरते आणि तिला जोडलेले पटल हलते. ही युक्ती श्रवणयंत्रांतून आलेली आहे. अशी चार यंत्रे एका कानात बसवून खालचे, मधले आणि वरचे स्वर त्यांच्यात वाटून दिलेले असतात.

पहिल्या संध्याकाळी आम्ही दोघांनी आळीपाळीने ऐकले. फोन तोच, आवाजाची पट्टीही तिथेच. ऐकायला आईच्या मिरजेच्या तंबोऱ्याचे मीच केलेले ध्वनिमुद्रण घेतले. तंबोरा का, असे तुम्ही विचाराल. घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी लावली की तार घोडीला हलकेच घासत कंप पावते आणि वरच्या स्वरांचा एक झराच सुरू होतो. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली यावर निबंध लिहिला आहे. इअरफोनची परीक्षा घ्यायला इतके चांगले वाद्य मला तरी माहीत नाही.

निकाल लगेच लागला. शूअरमध्ये तंबोरा जिवंत, सेनहायजरमध्ये मलूल. पुतण्या खूश झाला, कारण चाळीस हजार वाचले. मग त्याने माहितीपत्रके काढली आणि त्याचा चेहरा पडला. सेनहायजरची संवेदनशीलता १२३ डेसिबल आणि शूअरची ११४. मोठा आकडा असलेला इअरफोन मलूल कसा? “काका, सहकाऱ्याचा बिघडला असेल का?”

बिघडले काहीच नव्हते. दोन आकड्यांची एकके वेगळी होती, एवढेच. सेनहायजरचे १२३ डेसिबल हे एक व्होल्ट दाब दिल्यावर मिळतात, तर शूअरचे ११४ हे एक मिलिवॅट शक्ती दिल्यावर. आता वही घ्या. शूअरचा रोध ९ ओहम आहे. त्यालाही एक व्होल्ट दिला तर शक्ती किती? दहावीचे सूत्र आहे : व्होल्टचा वर्ग भागिले रोध. म्हणजे एकनवमांश वॅट, अर्थात १११ मिलिवॅट. शक्ती १० पट झाली की १० डेसिबल वाढतात, १०० पट झाली की २०. आपली शक्ती १११ पट झाली, म्हणजे साडेवीस डेसिबल वाढ. ११४ मध्ये ते मिळवा : १३४.५. (इतका आवाज कोणी प्रत्यक्ष ऐकायचा नसतो; हे फक्त तुलनेचे गणित.) म्हणजे ज्याचा आकडा लहान तोच इअरफोन त्याच फोनवर ११ डेसिबलने मोठा वाजणार. आमची पहिली संध्याकाळ इअरफोनांची तुलना नव्हतीच. ती मोठ्या आणि लहान आवाजाची तुलना होती.

माझे स्पष्ट मत असे की, उत्पादकांनी दोन्ही एककांतील आकडे डबीवर छापायला हवेत. ते छापत नाहीत तोवर शिक्षकबंधूंनी हे उदाहरण वर्गात जरूर घालावे. काल्पनिक बल्बच्या गणितांपेक्षा मुले यात जास्त रमतील.

शनिवारी आम्ही आवाज जुळवला. श्रवणयंत्रे तपासताना २ घनसेंटिमीटरची पोकळी वापरतात. मी २ मिलिलिटरची नवी सिरिंज घेतली, टोक कापले, एका बाजूला प्रयोगशाळेतला छोटा माइक आणि दुसऱ्या बाजूला इअरफोन घट्ट बसवला. १००० हर्ट्झचा स्वर वाजवून व्होल्टमापकावर दोन्ही वाचने सारखी येईपर्यंत पट्टी खालीवर केली. पहिल्या संध्याकाळचा फरक सुमारे दहा डेसिबल निघाला. घरगुती उपकरणासाठी हे काही वाईट नाही.

तेवढ्यात मला एक खोडी सुचली. पुतण्याला म्हटले, आता इअरफोन एकच, पण तंबोऱ्याची दोन ध्वनिमुद्रणे आहेत, एक साधे आणि एक भारी. खरे तर मुद्रण एकच होते. मी एकदा ते दोन डेसिबलने मोठे वाजवत होतो, क्रम नाणे उडवून ठरवत होतो. दहा खेपांपैकी नऊ खेपांत मोठ्या आवाजालाच त्याने ‘भारी’ ठरवले. कारण विचारल्यावर म्हणाला, “यात जवारी जास्त स्वच्छ आहे.” नुसत्या अंदाजाने दहात नऊ किंवा अधिक येण्याची शक्यता १०२४ मध्ये ११, म्हणजे सुमारे एक टक्का. तो खोटे बोलत नव्हता. आपल्या सगळ्यांचे कान असेच फसतात, माझेही.

आवाज जुळल्यावर मात्र खरा फरक दिसला, आणि तो होता हे कबूल केले पाहिजे. सेनहायजरमध्ये जवारीचे वरचे स्वर अधिक उलगडून आले. शूअरमध्ये गायकाचा गळा जवळ आला. यात अधिक-उणे असे काही नाही, वेगळेपण आहे. ही चाचणी डोळे बांधूनही पक्की करता येत नाही, कारण कानात घालताच आकारावरून कोणता ते कळते.

तबला लावला तेव्हा आणखी एक गंमत झाली. एका जोडीत बायाँ जवळजवळ नाहीसा झाला. कारण रबरी टोपी त्याच्या कानाला सैल होती. बंद नळीत पटलाला फारसे हलावे लागत नाही. ९४ डेसिबलचा आवाज म्हणजे एक पास्कल दाब, आणि वातावरणाचा दाब एक लाखाहून थोडा अधिक. दोन घनसेंटिमीटर हवेचा दाब एवढा बदलायला ७ मिलिमीटरच्या पटलाने अर्धा मायक्रॉन हलणेसुद्धा पुष्कळ झाले. पण फट राहिली की खालच्या स्वरांची हवा तिथून निसटते आणि सगळा खर्च वाया. दोन जोड्यांतील फरकापेक्षा या टोपीने पडलेला फरक कितीतरी मोठा होता.

सेनहायजरच्या माहितीपत्रकात ४८,००० हर्ट्झपर्यंतचा पल्ला दिला आहे. आम्ही घरातल्या सगळ्यांना शुद्ध स्वर ऐकवले. पुतण्या १७,००० ला थांबला, मी १४,००० ला. सत्तरी ओलांडलेल्या आईने ८,००० लाच मान हलवली आणि विचारले, “वाजतंय का काही?” तिला दोन्ही जोड्यांत तंबोरा एकसारखाच लागला. सीडीवरचे मुद्रणही २२,०५० हर्ट्झच्या पलीकडे जात नाही. वरच्या पल्ल्याचे पैसे कोणाच्या उपयोगाचे हे संध्याकाळी आमच्या अंगणावरून जाणाऱ्या वटवाघळांना विचारावे.

चिंता मला वेगळीच वाटली. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१८ साली मर्यादा सुचवली : ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. समजा, पुतण्या सहकाऱ्याची जोडी ८० डेसिबलवर ऐकतो आहे आणि पट्टी न हलवता त्याने स्वतःची जोडी लावली, तर ११ डेसिबल वाढून आठवड्याचा वाटा जेमतेम तीन तास उरतो. तो तर रोज बसमध्येच दोन तास ऐकतो. कानाच्या शंखातील सुमारे पंधरा हजार केशपेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

रविवारी मी माझे मत सांगितले. ढोलताशांच्या किंवा ध्वनिक्षेपकांच्या गदारोळात रोज गाणाऱ्याने या दोहोंपैकी कोणतीही जोडी घ्यावी, पैसे वसूल होतील. हिंजवडीच्या बसमध्ये ऐकायला या अदलाबदलीची किंमत चाळीस हजार नाही. मला विचाराल तर चार हजारही नाही. पुतण्या थोडा हिरमुसला. जवारी तिच्यातच चांगली लागते, असे दोनदा म्हणाला, आणि ते खरेही होते.

सोमवारी सहकाऱ्याची डबी परत गेली. संध्याकाळी पुतण्या तीन मापांच्या रबरी टोप्या घेऊन आला आणि सिरिंजची ती कापलेली नळी मागून आपल्या खोलीत घेऊन गेला.