बारा हजारांचा शेतकरी
बांधावरून : शिवारकर

महिन्याला हजार रुपयांहून जास्त मिळवणाऱ्या माणसाने महाराष्ट्रात नव्याने शेतकरी होऊ नये, असं आपला कायदा म्हणतो. थट्टा करत नाही. १९४८ च्या कूळवहिवाट कायद्याच्या ६३ व्या कलमाने बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकायला मनाई आहे. जिल्हाधिकारी परवानगी देऊ शकतात. पण जमीन शेतीसाठीच हवी असेल आणि घेणाऱ्याचं इतर मार्गांचं उत्पन्न वर्षाला १२ हजारांच्या वर असेल, तर ती देऊ नये, हेही तिथेच लिहून ठेवलं आहे. त्याच जमिनीवर कारखाना काढायचा असेल तर पुढे दुरुस्ती करून वाट मोकळी केलेली आहे. कारखानदार चालतो, शेती करतो म्हणणारा मात्र आधी कंगाल असावा लागतो.

शेतमजुराला या मनाईतून सूट आहे, हे कायद्याच्या बाजूने सांगायला हवं. म्हणजे जमीन घ्यायला कायद्याने मोकळा कोण, तर ज्याच्या खिशात दमडी नाही तो. आणि पैसेवाल्याला हे कलम आडवं आल्याचं फारसं ऐकिवात नाही. आजोबांच्या गावच्या उताऱ्यावर वारसाने नाव चढवून घेतलं जातं, कुणाच्या तरी गटात चार गुंठ्यांचा हिस्सा निघतो, नाहीतर लांबच्या कुठल्याशा तालुक्यातून शेतकरी असल्याचा दाखला येतो. मुळशी-मावळात, कर्जत-अलिबागेत आंब्याची दहा झाडं आणि पोहण्याचा तलाव असलेल्या वाड्यांचे मालक कागदोपत्री बहुधा शेतकरीच असतात.

अडतो तो वेगळा. राहुरी, अकोला, परभणी, दापोली अशी चार कृषी विद्यापीठं या राज्यात आहेत. त्यांच्या पदवीच्या प्रवेशाला घरच्या सातबाऱ्याचे जादा गुण मिळतात. ते नसताना ज्याने प्रवेश मिळवला, तो चार वर्षं माती, पाणी, किडी शिकतो आणि मग एमपीएससीच्या अभ्यासिकेत जाऊन बसतो, नाहीतर खत-औषधांच्या दुकानाचा परवाना काढतो. दुसऱ्याच्या कपाशीवर काय पडलंय ते त्याला पानावरून सांगता येतं. स्वतःची कपाशी लावायला रान नसतं.

शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्याचीही गोष्ट आता फार निराळी राहिलेली नाही. १९७०-७१ च्या कृषिगणनेत राज्यातलं सरासरी खातं ४.२८ हेक्टरचं होतं, २०१५-१६ च्या गणनेत ते १.३४ हेक्टरवर आलं. साडेदहा एकरांचे सव्वातीन झाले. तेवढ्या काळात खाती ५० लाखांच्या आसपास होती ती दीड कोटीच्या पुढे गेली. सव्वातीन एकरांत दोघा भावांची वाटणी झाली की धाकट्याला पोट भरण्यासाठी शेजारचं रान घेणं भाग आहे. आणि घ्यायला गेला की तोही नवखाच.

आता हिशेब मांडू. जिरायत एकर १५ लाखांना मिळाला असं धरू. रस्त्याकडेचं रान या भावात कोणी दाखवणारही नाही. दहा टक्क्यांनी वर्षाचं नुसतं व्याज दीड लाख. (जमीन घ्यायला बँका सहसा कर्ज देत नाहीत, तो भाग सोडा.) त्या एकरात सोयाबीन चांगलं साधलं तर दहा क्विंटल. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये, म्हणजे ५३ हजार, तेही हमीभाव खरोखर पदरात पडला तर. त्यातून बियाणं, खत, फवारणी, काढणी, मळणी वजा करा, रब्बीचा हरभरा मिळवा, आणि नशिबाला हातभार म्हणून पाऊसही वेळेवर पाडा. तरी व्याजाच्या निम्म्याला हात पोचत नाही. उसाचं गणित थोडं बरं दिसतं, पण उसाजोगतं रान १५ लाखांत नसतं. शेतीच्या उत्पन्नातून शेत विकत घेता येत नाही, हे गावात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे.

मग भाव ठरतो कशावर? शेतीबाहेरच्या पैशावर. त्यातला काही पैसा तर कायदाच शेतजमिनीकडे वळवतो. शहराच्या हद्दीतली शेतजमीन विकून झालेल्या नफ्यावरचा कर वाचवायचा, तर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घ्यावी, अशी सवलत १९६१ च्या आयकर कायद्याच्या ५४ ब कलमात होती. हेतू चांगलाच होता. जमीन गेलेला शेतकरी शेतीत टिकावा. पण शहराच्या कडेला ज्याचं एक एकर करोडोंत गेलं, तो मुदतीच्या आत पैसा गुंतवायचा म्हणून पलीकडच्या तालुक्यात उतरतो. तिथे तो घासाघीस करत बसत नाही. तो देईल तो भाव त्या गावचा भाव होतो. मग त्या गावचा शेतकरी विकून आणखी पुढच्या गावात सरकतो. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. त्याच्या मोबदल्याचा पैसा हाती आल्यावर पर्यायी रान शोधणारे किती गावांत फिरले, हे त्या पट्ट्यातल्या कुणालाही विचारा. त्यात गुंठेवारीवाले, विसावा म्हणून दोन एकर घेणारे, आणि शेतीच्या करमुक्त उत्पन्नात दुसरा पैसा मिसळणारे. या रांगेत शेती करायची म्हणून जमीन घेणारा सगळ्यात मागे उभा असतो.

पैसा जमलाच तरी घेताना ठेचा कमी नाहीत. उतारा भोगवटादार वर्ग दोनचा, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या जमिनीचा निघतो. वतनाची जमीन, नवीन शर्त, आदिवासी खातेदार, सामाईक गट, बहिणींचं हक्कसोडपत्र राहिलेलं, मोजणी वर्षानुवर्षं न झालेली. सगळं निभावलं तर बांधापर्यंत जायला पाणंद नसते. त्यात नवीन काही नाही, म्हणून इथे थांबत नाही.

विकत घेणं जमत नाही तर खंडाने करावं, हे ओघानंच येतं. खंड, अर्धेली, बटई, विदर्भात मक्ता किंवा ठेका. नाव मुलखागणिक बदलतं. व्यवहार बहुतेक ठिकाणी तोंडी असतो. पाडव्याला सालगडी ठरतो तसं रानही ठरतं, वर्षापुरतं. पुढच्या पाडव्याला मालक त्याला दुसरा तुकडा दाखवतो किंवा दुसऱ्यालाच देतो. एकाच माणसाकडे एकच रान सलग राहू द्यायचं नाही, हे जुनं शहाणपण आहे. त्यामागे भीती एकच : कूळ लागेल.

ही भीती हवेतली नाही. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, आणि त्या दिवशी कूळ म्हणून जमीन कसत असलेला माणूस कायद्याने तिचा खरेदीदार मानला गेला. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांच्या चुलीवर त्या कायद्याने तवा चढवला. त्याबद्दल कुरकुर करणाऱ्यांच्या रांगेत मी नाही. पण ज्यांची गेली त्यांच्या घरात ती आठवण तिसऱ्या पिढीतही ताजी आहे, आणि ज्यांना मिळाली त्यांच्या घरात तर जास्तच. काल ज्याचा आजा कूळ होता, तो आज आपल्या रानावर कुणाचं नाव लागू देत नाही. पीकपाहणीत नाव मालकाचंच लागतं. कुणी पुण्यात नोकरीला, कुणी म्हातारी एकटी, कुणाची मुलं परदेशात. रान पडीक राहिलं तर चालेल, पण कागद करायचा नाही. कोर्टात वीस वर्षं घालवण्याची ज्याच्यात ताकद नाही, अशा म्हातारीला मी तरी दोष देणार नाही.

कागद नाही म्हणून कसणाऱ्याचं काय होतं, ते पाहा. पीककर्ज नाही, कारण सातबारा दुसऱ्याचा. पीकविमा काढायचा तर नोंदणी केलेला भाडेकरार हवा. ठिबकचं आणि शेततळ्याचं अनुदान मालकाच्या खात्यावर. आता आलेला शेतकरी ओळख क्रमांकही जमिनीच्या नोंदीवर उभा. गारपिटीचे पैसे आले तर मालकाच्या बँकेत येतात. मालक भला असेल तर त्यातून काही कसणाऱ्याच्या हातावर ठेवतो. पीएम किसानचे वर्षाला सहा हजार आणि राज्याच्या नमो योजनेचे सहा हजार जमीनधारकाला. कसणारा आणि जमीनधारक एकच, असं योजनाकारांनी धरलेलं आहे. पीएम किसान सुरू करताना आणखी एक अट घातली होती : १ फेब्रुवारी २०१९ ला ज्याच्या नावावर जमीन होती तो पात्र, त्यानंतर घेतली तर पुढची पाच वर्षं नाही. वारसाने आली असेल तर चालेल! बापाकडून मिळालेली जमीन पात्र, कष्टाने विकत घेतलेली अपात्र. नव्याने शेतीत येणाऱ्याबद्दल सरकारचं मत इतकं स्वच्छ शब्दांत दुसरीकडे कुठे वाचलेलं आठवत नाही.

आणि वर्षाच्या बोलीवर घेतलेल्या रानात कोण शेणखत टाकेल? कोण बांध घालेल, पाइप पुरेल, डाळिंब लावेल? एका हंगामात जेवढं ओरबाडता येईल तेवढं ओरबाडायचं, दुसरं काय. जमिनीचा कस आणि माणसाची उमेद, दोन्ही एकदम खालावतात.

आता गंमत बघा. जो मालक शेजारच्या पोराला तीन वर्षं रान लिहून द्यायला तयार नाही, तोच सौर प्रकल्पाला दीर्घ मुदतीचा करार आनंदाने करून देतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीच्या दुसऱ्या टप्प्यात हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आणि दरसाल तीन टक्के वाढ आहे. एकराला पन्नास हजार, घरबसल्या. पैशाचं आकर्षण आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की पॅनेल कूळ म्हणून दावा लावत नाही. करार लेखी, पाठीशी सरकार, पैसे थेट बँकेत. म्हणजे मालकाचा विरोध जमीन दुसऱ्याच्या ताब्यात देण्याला नाही. भरवसा दिला की तो देतो. काचेच्या पत्र्यांना दिला तो भरवसा सरकारने माणसाला दिलेला नाही. शिवाय या भाड्याने त्या टापूत खंडाचा भाव वर सरकला तर जिरायत करणाऱ्याला तोही परवडणार नाही.

सरकारने भूमिहीनांसाठी काही केलंच नाही, असं म्हणता येणार नाही. दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजनेत अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत मिळते. २०१८ पासून ती शंभर टक्के अनुदानावर आहे. भावाची कमाल मर्यादा जिरायतीला एकरी पाच लाख, बागायतीला आठ. आता वरचा हिशेब आठवा. त्या भावात विकायला कोण पुढे येणार? आलाच तर मुरमाड, पाण्याविना, वाटेविना असलेलं रान घेऊन येतो.

यावर एक सोपा उतारा सुचवला जातो. कर्नाटकाने २०२० मध्ये केलं तसं करा, बिगरशेतकऱ्यांवरची बंदी उठवा, बाजार मोकळा करा. मला हे पटत नाही. १२ हजारांची अट हास्यास्पद आहे, ती जायलाच हवी. पण दार सताड उघडलं तर आत पहिल्यांदा कृषी पदवीधर शिरणार नाही. ज्याच्याकडे दाखला आणण्याचीही सवड नव्हती तो पैसा शिरेल, आणि भाव आणखी चढतील. खरेदी मोकळी करून शेतकरी वाढत नाहीत, मालक वाढतात. मोकळं करायचंय ते कसणं.

त्यासाठी पाटी कोरी नाही. नीती आयोगाने २०१६ मध्येच शेतजमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा तयार केला. त्याच वर्षी शेजारच्या मध्य प्रदेशाने जमीनमालक आणि बटाईदार या दोघांच्याही हितरक्षणाचा कायदा केला : लेखी करार, मालकाला मालकी न जाण्याची हमी, बटाईदाराला मधेच न हुसकावण्याची. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये कसणाऱ्याला अकरा महिन्यांचं ओळखपत्र द्यायचं ठरवलं. तिथली ठेच आपण पाहून ठेवावी. त्या पत्राला मालकाची सही लागते, आणि बरेच मालक सही देत नाहीत. नुसता कायदा करून भागत नाही, मालकाला त्यात काही मिळालं पाहिजे. तीन ते पाच वर्षांचा एक पानी करार, ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे नोंद, मुदत संपताच ताबा परत मिळण्याची कालबद्ध व्यवस्था, आणि या करारातून कुळाचा हक्क कधीही निर्माण होणार नाही असं कायद्यातच स्पष्ट शब्दांत. त्याच नोंदीवर कसणाऱ्याला कर्ज आणि विमा. भाडेपट्ट्याची जमीनही कमाल धारणेत मोजावी, नाहीतर एखादी कंपनी अख्खं शिवार कराराने उचलेल आणि आपण नवा शेतकरी शोधत बसू.

यावर डाव्या मित्रांचा आक्षेप मला ऐकू येतो : कुळाचा हक्क सोडायचा म्हणजे 'कसेल त्याची जमीन' सोडायची. मी म्हणतो, आज कसणाऱ्याला जमीनही नाही आणि कागदही नाही. निदान कागद तरी द्या.

कायदा होईल तेव्हा होवो. सरकारच्या हातात आत्ता जमीन आहे. कमाल जमीन धारणा कायद्याने साखर कारखान्यांकडून निघालेल्या जमिनींसाठी १९६३ मध्ये राज्य शेती महामंडळ निघालं. खंडकऱ्यांना, म्हणजे कारखान्यांना खंडाने जमीन दिलेल्या मूळ मालकांना, परत देऊन उरलेली जमीन ते महामंडळ आजही संयुक्त शेतीच्या नावाने निविदा काढून कसायला देतं. गट मोठे, अनामत मोठी, त्यामुळे बोली लावणारेही मोठे. त्यातले काही गट पाच-पाच एकरांत फोडून कृषी पदवीधरांना, महिला गटांना आणि शेतमजुरांना दहा वर्षांसाठी द्यायला विधिमंडळात विधेयक आणावं लागत नाही. निविदेच्या अटी बदलाव्या लागतात.