जमीन कोणाची, बाजार कोणाचा?

मुंबईच्या लोअर परळ भागात फिनिक्स मिलची जुनी चिमणी आजही उभी आहे. १९०५ साली स्थापन झालेल्या या कापड गिरणीच्या आवारात आता दुकाने, चित्रपटगृहे, उपाहारगृहे आणि पंचतारांकित हॉटेल अशी एक झगमगती नगरीच वसली आहे. गिरणगावात अशा नगऱ्या आणखीही उभ्या राहिल्या. विकासाचे प्रतीक म्हणून त्यांचा गौरव करणारे पुष्कळ आहेत. आम्हांला मात्र एक साधा प्रश्न विचारावासा वाटतो : हा विकास कोणाच्या वाट्यातून झाला?

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि मागांपेक्षा मागांखालची जमीन मोलाची ठरली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने त्यावर न्याय्य तोडगा काढला होता. ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन मैदाने व उद्यानांसाठी महानगरपालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला, अशी ती वाटणी होती.

२००१ साली हा नियम बदलण्यात आला. वाटणी संपूर्ण जमिनीची न होता केवळ मोकळ्या जमिनीची व्हावी, असे ठरले. गिरणी म्हणजे मुळात इमारतींची आणि शेडांची वस्ती. तिच्यात मोकळी जागा ती कितीशी? २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जनतेच्या बाजूने कौल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. जे घडले ते कायदेशीर ठरले. परंतु कायदेशीर ते सारे न्याय्य असते काय?

कोणी म्हणेल, मॉलमुळे रोजगार मिळाला. मिळाला, हे आम्ही नाकारीत नाही. पण गिरणीतील कायम कामगाराला भविष्यनिर्वाह निधी होता, ग्रॅच्युइटी होती, संघटना होती. त्याच भूमीवर त्याचा मुलगा कंत्राटदाराचा गणवेश घालून दरवाजा उघडीत उभा राहत असेल, तर याला प्रगती म्हणावे काय? कोणी म्हणेल, तेथे फिरायला पैसे पडत नाहीत. खरे आहे, पण उद्यानात शिरताना नागरिकाला कोणाची मर्जी सांभाळावी लागत नाही. मॉलमध्ये तो गिऱ्हाईक म्हणून स्वीकारला जातो, आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा केवळ सहन केला जातो.

गिरणी कामगार चाळीतून पायी कामावर येई. नव्या कार्यालयांतील माणसे मात्र लोकलने येऊ लागली. बाजार वाढला, पण जिने आणि पूल त्या मानाने रुंदावले नाहीत. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जीव गेले. खाजगी जमिनीवर मजले चढविताना सार्वजनिक वाट अरुंद ठेवली, की तिची किंमत कोणाला मोजावी लागते, हे त्या दिवशी दिसले.

आणि कामगाराचे घर? लाखाहून अधिक अर्ज आले; सोडतीत घरे मिळाली ती त्या मानाने थोड्यांनाच. २०२४ साली शासनाने बदलापूरच्याही पलीकडील वांगणी व शेलू ही गावे पुढे केली. ज्याच्या घामावर परळ उभे राहिले, त्याने परळ सोडून जावे, हाच त्याचा अर्थ. या योजनेला कामगारांनी विरोध केला, तो आम्हांला सर्वस्वी उचित वाटतो.

वाचकहो, गिरण्या पुन्हा सुरू कराव्यात, अशी आमची भाबडी मागणी नाही. मॉल पाडावेत, असेही आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे इतकेच : गिरण्यांची जी जमीन अद्याप शिल्लक आहे, तिच्यावर पहिला हक्क कामगाराच्या घराचा आणि मुलांच्या मैदानाचा असावा. कामगाराला दान देऊ नका. १९९१ साली कागदावर लिहून दिलेला त्याचा वाटा तेवढा त्याला द्या.