ओल्या सरपणाची परीक्षा

आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत थंडी पडूं लागली आणि तुरीच्या शेंगा भरल्या, कीं मंडळींस शेतावरील रोडग्यांचे वेध लागतात. घरोघरीं गॅसच्या शेगड्या आल्या, तरी निखाऱ्यांत भाजलेला रोडगा व धगीवर भाजलेलें वांगें यांची गोडी तेथें येत नाहीं, हें आमच्या वाचकभगिनी जाणतातच. परंतु ती गोडी सरपणावर अवलंबून असते, हा धडा आम्हांस गतवर्षीं मिळाला.

नुकतीच वाऱ्यानें पडलेली बाभूळ फोडवून आम्हीं चूल पेटविण्यास सांगितलें. लांकूड पेट घेईना. पांढरा दाट धूर मात्र चहूंकडे कोंडला. वांगीं कडवट झालीं. दम्याचा विकार असलेला धाकटा नातू खोकून बेजार झाला व त्यास घेऊन जेवण टाकून परतावें लागलें. थोरल्या सूनबाई डोळे पुशीत एवढेंच म्हणाल्या, "मामंजी, जन्मभर मुलांना धुरावरून अग्नि ओळखावयास शिकविलात, लांकूड ओलें आहे, हें कसें ओळखलें नाहींत?"

उत्तर आमच्याच शास्त्रांत होतें. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'चा विद्यार्थी जाणतो कीं, धुरावरून अग्नीचें अनुमान होतें, पण अग्नीवरून धुराचें होत नाहीं. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो, धूर नसतो. धुरास ओल्या इंधनाचा संयोग लागतो. यासच नैयायिक 'आर्द्रेंधनसंयोग' हा उपाधि म्हणतात. अनेक वर्षें शिकविलें; चुलीपाशीं आठवलें नाहीं.

आजचें शास्त्र याचें कारण सांगतें. ताज्या लांकडाच्या वजनांत निम्म्यापर्यंत पाणी असूं शकतें. त्याची वाफ करण्यांतच उष्णता खर्ची पडते, विस्तव थंड राहतो आणि न जळलेले वायु व चिकट अंश धुरावाटे अन्नावर बसतात. मुरलेल्या सरपणांत पाण्याचा अंश शेंकडा २० हून अधिक नसावा.

परीक्षा सोपी आहे. मुरलेलें लांकूड हातास हलकें लागतें, त्याच्या टोंकांस भेगा पडतात, साल सुटूं लागते, आणि दोन फाटे एकमेकांवर आपटले असतां खणखणीत आवाज येतो. ओल्याचा आवाज बद्द येतो. लांकूड आधीं फोडावें, मग दगडांवर उंच रचावें. वरून झांकावें, बाजू मोकळ्या ठेवाव्या. निदान सहा महिने, जाड ओंडक्यांस वर्ष द्यावें.

धावडा व बाभूळ यांचे निखारे टिकतात. पळस भडकून लवकर विझतो. कण्हेर चुलींत कदापि घालूं नये, तिचा धूरहि विषारी असतो. रंग दिलेलीं जुनीं फळकुटेंहि वर्ज्य समजावीं. वांग्यांस पऱ्हाटी उत्तम. परंतु तिचे ढीग पुढील हंगामापर्यंत बांधावर ठेवूं नयेत. २०१७ सालीं ज्या गुलाबी बोंडअळीनें आमच्या कपाशीची नासाडी केली, ती अशाच पऱ्हाट्यांच्या बोंडांत दडून राहते.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कोरडें लांकूडहि हवा अपुरी पडल्यास धुमसतें, आणि कोणताहि धूर निरुपद्रवी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें, स्वयंपाकाच्या इंधनामुळें घरांत दूषित झालेल्या हवेनें २०२० सालीं सुमारें ३२ लक्ष माणसें दगावलीं. तेव्हां नित्याचा स्वयंपाक गॅसवरच व्हावा. लांकडाची चूल मोकळ्या शेतांत, सणावारापुरती असावी.

त्याच बाभळीचीं लांकडें आम्हीं रचून त्यांवर गेरूनें तारीख घातली होती. परवां सूनबाईंनीं दोन फाटे आपटून पाहिले व मान डोलावली. यंदां रोडगे त्यांवरच होतील. नातवास मात्र वारा येतो त्या बाजूस, चुलीपासून दूर, आमच्याजवळ बसवूं.